प्रिंटर भंगारात काढण्यापूर्वी

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एखाद्या वस्तूपुढे 'निकामी' असा शेरा पडला की शाळेच्या दृष्टीने ती वस्तू संपली. मोडकी बाके, चेपलेले पृथ्वीगोल आणि भाता फाटलेली पेटी यांच्या रांगेत आता कार्यालयातील रंगीत इंकजेट प्रिंटर जाऊन बसणार आहे. तसा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे येत आहे, आणि त्याला जोडून नवीन प्रिंटरच्या खरेदीचाही. निर्णय होण्यापूर्वी आम्हांला चार शब्द लिहावेसे वाटले, कारण हा प्रिंटर बिघडलेला नाही. त्याला कुलूप लागले आहे.

झाले ते असे. सत्र परीक्षेच्या तोंडावर प्रिंटर थांबला. शाईच्या टाक्या भरलेल्या होत्या, कागद होता, आदल्या दिवशीची छपाई स्वच्छ होती. पडद्यावर मात्र एक चौकट आली. यंत्रातील शाई शोषणाऱ्या भागांचे आयुष्य संपले आहे, सेवा केंद्राशी संपर्क साधावा, असा तिचा आशय. त्यानंतर बटण दाबा, बंद करून चालू करा, काही केले तरी दिवे नुसते लुकलुकत राहिले. दुकानदाराने फोनवर सांगितले, ''सर, दुरुस्तीला घालण्यापेक्षा नवीन घ्या.'' आणि तोच सल्ला प्रस्तावात उतरला.

हे कुलूप काय आहे ते नीट समजून घेणे गरजेचे आहे. इंकजेट प्रिंटरच्या हेडला केसापेक्षाही बारीक छिद्रे असतात. त्यांत शाई वाळली की अक्षरांवर पांढऱ्या रेघा उमटतात. म्हणून यंत्र अधूनमधून स्वतःच हेड धुते. एक छोटा पंप छिद्रांतून थोडी शाई ओढून घेतो आणि ती नळीने यंत्राच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला ठेवलेल्या जाड गादीत सोडतो. ही गादी फेल्टसारखी असते. बाळाच्या डायपरचे जे काम तेच तिचे. कडेपर्यंत रंग येईल असा बिनकडेचा फोटो छापला तर कागदाबाहेर पडणारी शाईसुद्धा यंत्राच्या आत असेच शोषक टिपून घेतात. स्नेहसंमेलनाचे फोटो आपण सगळे हौसेने तसे छापून घेतो, तेव्हा या गोष्टीचा विचार कोणी करीत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गादी खरोखर किती भिजली आहे हे यंत्राला दिसत नाही. आपण कार्यालयात वापरतो त्या प्रकारच्या बहुतेक प्रिंटरांत ओलावा मोजण्याची सोयच नसते. यंत्र फक्त हिशेब ठेवते. एकदा हेड धुतले की इतके गुण, मोठी सफाई केली की त्याहून जास्त, असे गुण ते एका आकड्यात मिळवत जाते. हा आकडा एका स्मृतिचिपमध्ये असतो, वीज गेली तरी पुसला जात नाही. कंपनीने ठरवलेली मर्यादा जवळ आली की आधी इशारा येतो, मर्यादा ओलांडली की कुलूप. म्हणजे पानावर किती जण बसले ते न पाहता नुसत्या पंक्ती मोजून भात संपला असे जाहीर करणारा हा यजमान आहे. भात संपलाही असेल, किंवा टोपात अर्धा उरलाही असेल. शाईत बरेचसे पाणीच असते आणि काही काळाने ते उडून जाते, हे त्याच्या हिशेबात किती धरले आहे ते बाहेरच्याला कळत नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. गादी ओसंडली तर शाई टेबलावर येते, खालच्या कागदांवर येते, यंत्राच्या विजेच्या भागांपर्यंतही पोहोचू शकते. शाळेच्या कपाटात जन्मतारखांचे जनरल रजिस्टर असते. त्यावर निळी शाई सांडलेली कोणाला चालेल? तेव्हा कुठेतरी थांबा म्हणायला हवेच. आमची तक्रार थांबवण्याबद्दल नाही, पुढच्या वागण्याबद्दल आहे. गादी बदलता येते. पण नवी गादी बसवली तरी यंत्राला ते कळत नाही, कारण त्याच्या मनात जुना आकडा तसाच. तो आकडा शून्यावर आणायची सोय मालकाला दिलेली नसते. मोटारसायकलचे तेल बदलल्यावरही दुकानदाराच्या परवानगीवाचून ती चालू होत नसेल, तर ती मोटारसायकल कोणाची?

यातून लोकांनी दोन वाटा काढल्या आहेत आणि आम्हांला दोन्ही पसंत नाहीत.

पहिली वाट म्हणजे यंत्र फेकून देणे. त्यात खर्च किती होतो हे विश्वस्त जाणतात. पण खर्चापलीकडचा भागही आहे. २०२२ सालच्या ई-कचरा नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, प्रिंटर काडतुसांसह यादीत आहेत. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जाव्यात ही त्या नियमांची दिशा आहे. पणजीत ओला आणि सुका कचरा वेगळा करायला आपण शिकलो, मुलांनाही शिकवले. त्याच मुलांसमोर चालू मोटर, चालू हेड आणि चालू स्कॅनर असलेले यंत्र एका भिजलेल्या गादीपायी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवायचे, हे आम्हांस पटत नाही.

दुसरी वाट अधिक मोहाची आहे. आकडा शून्यावर आणणारे प्रोग्राम इंटरनेटवर मिळतात. काही जुन्या यंत्रांत तर ठरावीक बटणे ठरावीक क्रमाने दाबून सेवा केंद्राच्या लोकांसाठीचा विभाग उघडता येतो. दहा मिनिटांत कुलूप निघते, प्रिंटर पुन्हा गुणगुणू लागतो आणि सगळे खूश. पण गादी तीच! आकडा पुसणे म्हणजे गादी बदलणे नव्हे. ताप आलेल्या मुलाचा थर्मामीटर झटकून पारा खाली आणला तर ताप उतरत नाही. असे एकदा केले तर कदाचित काही होणार नाही. दोनदा, तीनदा केले की एके दिवशी शाई खालून बाहेर येणार, आणि मग कंपनीचे म्हणणे खरे ठरणार.

या वाटेवर दुसरा धोका आहे तो पालकांनी लक्षात घ्यावा. हे प्रोग्राम बहुधा कंपनीतून बाहेर पडलेल्या किंवा कोणीतरी फोडलेल्या प्रती असतात. ते चालवण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते. कोणत्या संगणकावर? तर कार्यालयातल्या. त्या संगणकात आपल्या मुलांच्या जन्मतारखा आहेत, पत्ते आहेत, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँक खात्यांचे आणि आधारचे क्रमांक आहेत. एका प्रिंटरसाठी अनोळखी माणसाच्या हाती हा संदूक उघडा करून देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा उद्यावर आलेली असताना तो जे हाताला लागेल ते करणार. त्याच्यावर ती वेळ न आणणे हे व्यवस्थापनाचे काम.

आमचे म्हणणे मधल्या वाटेचे आहे. गादी बदलावी, आणि गादी बदलली म्हणूनच आकडा शून्यावर आणावा. दोन्ही कामे एकत्र, त्याच दिवशी, आणि दोन्हींची नोंद. ऐकायला साधे वाटते, पण प्रत्यक्षात कोणी असे करीत नाही असा अनुभव आहे. एका ठिकाणी चौकशी केली तर 'रिसेट करून देतो' एवढेच उत्तर मिळाले. गादीचे काय, असे विचारल्यावर समोरचा माणूस आमच्याकडे पाहतच राहिला. म्हणून विश्वस्तांना सुचवावेसे वाटते की प्रिंटर सेवा केंद्रात पाठवताना बिलावर दोन वेगळ्या ओळी मागाव्यात, नवी गादी आणि आकडा शून्य केल्याची. आणि जुनी गादी पिशवीत घालून परत मागावी. गाडीचा जुना ब्रेक-शू मेकॅनिककडून मागून घेणारे पालक आमच्यात पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको.

ज्यांचे यंत्र हमीच्या मुदतीत आहे त्यांनी काहीही न उघडता कंपनीकडेच जावे. मुदत संपलेल्यांनी आधी गादी कुठे आहे ते पाहावे. टाकीवाल्या काही प्रिंटरांत ती मागच्या बाजूला एका स्क्रूच्या झाकणाआड असते, पाच मिनिटांचे काम. काही यंत्रांत ती पार तळाशी पसरलेली असते आणि तिथे पोहोचायला सारे यंत्र सुटे करावे लागते. त्या भानगडीत घरी पडू नये. गादी काढताना वीज तोडलेली असावी, हातमोजे घालावेत, खाली वर्तमानपत्रांची चळत पसरावी. शाईचे डाग आठवडाभर बोटांवरून जात नाहीत. जुनी गादी धुऊन, वाळवून पुन्हा वापरणारेही आहेत. उन्हाळ्यात ते जमेल एखाद्या वेळी, आपल्या पावसाळ्यात मात्र इथे कपडे वाळायची मारामार, तिथे शाईची गादी काय वाळणार! शिवाय धुतलेले पाणी शेवटी गटारात आणि गटारातून मांडवीत. नवी गादी आणावी हे बरे.

आकडा शून्य करण्याचे साधन खुद्द कंपनीचे असेल तर उत्तम. एप्सन कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या घरगुती ग्राहकांसाठी असे साधन मोफत ठेवले होते, पण ते एकदाच चालणारे, थोड्या दिवसांची सवलत म्हणून. इतरांनी सेवा केंद्र गाठावे अशी अपेक्षा. बाहेरचे साधन वापरायची वेळ आलीच तर ते प्रयोगशाळेतल्या एखाद्या जुन्या, कार्यालयाच्या जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावरून वापरावे. मुलांची माहिती असलेल्या संगणकावरून कधीही नाही.

हा प्रश्न आपल्या एका शाळेचा किंवा एका कंपनीचा नाही. फ्रान्समध्ये वस्तू मुद्दाम लवकर निकामी होईल अशी बनवणे हा २०१५च्या कायद्याने गुन्हा ठरला, आणि २०१७ साली तिथल्या एका ग्राहक संघटनेने प्रिंटर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. अमेरिकेत २०२२ साली याच शाईच्या गादीवरून गदारोळ झाला. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. तो कायदा नव्हे, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका जागी द्यावी एवढेच त्याचे स्वरूप. तरी ग्राहकाने सेवा केंद्राला प्रश्न विचारायला तेवढा आधार पुरतो.

संगणकाच्या तासाला मुलांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना कळावे अशी सोय रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये केली होती. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम मागितला तर मिळाला नाही. या अनुभवाने त्यांच्या मनात जे बसले त्यातून पुढे १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आणि त्या चळवळीचे फळ गोव्याच्या शाळांपर्यंत आले. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत 'गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट' या उपक्रमाने परदेशातून वापरलेले संगणक आणून ते लिनक्स घालून इथल्या शाळांना दिले. परदेशी कचरा ठरलेल्या यंत्रांवर गोव्याची मुले शिकली. आज आपण आपलेच चालू यंत्र कचरा ठरवायला निघालो आहोत.

ज्यांनी सायक्लोस्टाइलचे दिवस पाहिले त्यांना आमचे म्हणणे लवकर कळेल. प्रश्नपत्रिकेची स्टेन्सिल कापायची, रुळावर चढवायची, हँडल फिरवायचे. शिपाईमामांचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे आणि प्रश्नपत्रिकेला वास यायचा. सगळे गैरसोयीचे होते, त्या दिवसांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण ते यंत्र अडले तर शाळेतलाच माणूस ते उघडून रॉकेलने पुसून पुन्हा चालू करीत असे. छापण्याच्या साधनावर आपला ताबा असणे ही गोव्यात तरी क्षुल्लक बाब मानू नये. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली इथेच आला. तरी फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. भाषा आपली असूनही अक्षरे यंत्राने ठरवली.

काही पालकांचा प्रश्न असा की मग लेझर प्रिंटरच का घेत नाही? प्रश्न योग्य आहे. प्रश्नपत्रिका, सूचना, दाखले या काळ्या-पांढऱ्या कामासाठी लेझरच घ्यावा असे आमचेही मत आहे. त्यात शाई वाळण्याचा प्रकार नाही आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरही पहिले पान स्वच्छ येते. मात्र लेझरमध्येही ड्रमचा आकडा असतो, काहींत टाकाऊ टोनरची डबी असते. मोजणारा यजमान तिथेही आहे. रंगीत नकाशे, प्रदर्शनाचे तक्ते आणि या वार्तापत्राचे मुखपृष्ठ यांसाठी इंकजेट लागणार. तो घेताना शाईच्या बाटलीची किंमत विचारण्याआधी दुकानदाराला विचारावे, टाकाऊ शाईची डबी आम्हांला स्वतः बदलता येते का? अलीकडच्या अनेक प्रिंटरांत ती येते. २०२० नंतर आलेल्या कॅननच्या काही टाकीवाल्या प्रिंटरांत आणि एप्सनच्या बऱ्याच नव्या यंत्रांत अशी सुटी डबी आहे. जुनी काढायची, नवी घालायची, कुलूप आपोआप निघते. म्हणजे हे करणे कंपन्यांना अशक्य नव्हते, हेही त्यातून उघड होते. खरेदीच्या अटींत ही एक ओळ घालावी, अशी विश्वस्तांना विनंती. दर थोडा जास्त पडला तरी चालेल.

आणि आपल्या हातात असलेली एक गोष्ट. संध्याकाळी कार्यालय बंद करताना भिंतीवरचे मेन बटण बंद करून सगळे एकदम विझवण्याची पद्धत आहे. प्रिंटरपुरती ती मोडावी. त्याचे स्वतःचे बटण दाबले की हेड जागेवर जाऊन झाकले जाते आणि छिद्रे वाळत नाहीत. वरून वीज तोडली तर हेड उघडे राहण्याची भीती. मग छिद्रे वाळली की सफाई, आणि सफाई म्हणजे पुन्हा गादीत शाई. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते तेव्हाही प्रत्येक वेळी यंत्र चालू होताना थोडीफार सफाई करून घेते. प्रिंटरला छोटा यूपीएस जोडावा. छपाई फिकट आली की लगेच 'हेड क्लीनिंग' वर तीन-चार वेळा बोट ठेवणाऱ्यांनी आधी नमुना पान काढून पाहावे, एका सफाईनंतर थोडे थांबावे. गादीत गेलेली शाई आपणच विकत घेतलेली असते.

आमच्यातील पुष्कळ कुटुंबांची मूळ घरे पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आहेत. तिथल्या लहान शाळांत एकच प्रिंटर असतो, आणि तो अडला तर यंत्र काखोटीला मारून बसने शहर गाठावे लागते. एक शिक्षक एक दिवस त्यात जातो. पणजीतल्या शाळेने हे काम नीट शिकून घेतले तर गावाकडच्या शाळेला ते दाखवता येईल, ही अपेक्षा मोठी नव्हे. सुट्या भागांची एक पेटी आणि कामाची पायरी-पायरीने लिहिलेली एक वही एवढाच त्याचा खर्च.

तूर्तास प्रस्ताव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवावा, आणि तोपर्यंत रजिस्टरमध्ये 'निकामी' ऐवजी 'दुरुस्तीस' असा शेरा असावा. विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीची माहिती असलेल्या पालकांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. एका शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या मुलांसमोर यंत्राचे मागचे झाकण उघडून गादी पाहायची असा विचार आहे. ती खरोखर भरली आहे की नाही, हे त्या दिवशी प्रथमच कळेल. येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावे. हातमोजे शाळा देईल.